विश्रांतीने न जाणारा थकवा : निदान आणि व्यवस्थापन

श्रमानंतर थकवा येणे हा शरीराचा धर्म आहे. दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री अंथरुणाला पाठ टेकतो आणि सकाळी ताजातवाना होऊन पुन्हा कामाला लागतो. थकवा ही शरीराने दिलेली सूचना आणि विश्रांती हे त्या सूचनेचे उत्तर, असा हा सरळ हिशेब आहे. परंतु काही व्यक्तींच्या बाबतीत हा हिशेब कोलमडून पडतो. एखाद्या तापातून उठल्यानंतर त्यांच्या अंगातील शक्ती परत येतच नाही. आठ-दहा तास झोप घेऊनही सकाळी शीण तसाच असतो. अंघोळ करणे, चार माणसांशी बोलणे, एक जिना चढणे एवढ्या श्रमानेही दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते. महिन्यामागून महिने जातात. रक्त, लघवी, छातीचे क्षकिरण छायाचित्र या साऱ्या तपासण्यांचे अहवाल मात्र निर्दोष येतात.

अशा व्यक्तीला घरी आळशी, कार्यालयात कामचुकार आणि शाळेत दांडीबहाद्दर म्हटले जाते. वास्तविक तिला एक निश्चित स्वरूपाचा शारीरिक आजार झालेला असू शकतो. वैद्यकशास्त्रात त्यास मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस अथवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम अशी नावे असून दोन्ही नावांच्या आद्याक्षरांवरून 'एम.ई.-सी.एफ.एस.' असा संक्षेप रूढ झाला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा उल्लेख 'दीर्घ थकवा विकार' असा केला आहे.

या आजाराची माहिती केवळ डॉक्टरांना असून भागत नाही. आजारी मुलाची अनुपस्थिती प्रथम शिक्षकाच्या ध्यानात येते, कर्मचाऱ्याच्या रजेचा अर्ज प्रथम कार्यालयप्रमुखापुढे येतो आणि घरातील सुनेच्या 'न होणाऱ्या कामा'ची तक्रार पुष्कळदा गावातील जाणत्या माणसांपर्यंत पोहोचते. या तिघांच्या निर्णयावर रुग्णाची पुढील वाटचाल बऱ्याच अंशी अवलंबून असते.

थकवा हे लक्षण आणि थकवा हा विकार

सर्वप्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. दीर्घकाळ थकवा वाटणे हे अनेक कारणांनी निर्माण होणारे लक्षण आहे. दीर्घ थकवा विकार हा त्या अनेक कारणांपैकी एक, तुलनेने कमी आढळणारा परंतु स्वतंत्र आजार आहे. ज्याला ज्याला थकवा वाटतो, त्या प्रत्येकाला हा विकार झाला असे समजणे जितके चुकीचे, तितकेच हा विकार झालेल्या रुग्णाला 'थकवा कोणाला येत नाही?' असे म्हणून परत पाठविणे चुकीचे होय.

आपल्याकडे थकव्याचे एक मोठे कारण रक्तक्षय हे आहे. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्यामुळे थकलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन तपासणे ही पहिली पायरी होय. परंतु ती शेवटची पायरी नव्हे. गोव्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात १८ ते ५० वर्षे वयाच्या २,४९४ स्त्रियांची पाहणी करण्यात आली होती व तिचे निष्कर्ष २००५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ३०३ स्त्रियांनी, म्हणजे सुमारे १२ टक्के स्त्रियांनी, सहा महिने अथवा त्याहून अधिक काळ थकवा असल्याची तक्रार केली. या थकव्याचा संबंध गरिबी, उपासमार, कमी शिक्षण, पतीकडून होणारा छळ आणि मानसिक ताण यांच्याशी आढळला. रक्तातील हिमोग्लोबिनच्या प्रमाणाशी मात्र तो आढळला नाही. लोहाच्या गोळ्या देऊन थकव्याचा प्रत्येक प्रश्न सुटेल, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी हा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. थकव्याची तक्रार करणाऱ्या व्यक्तीची प्रकृती, घर आणि परिस्थिती या तिन्हींची चौकशी झाली पाहिजे, हाच त्याचा बोध आहे.

आजाराचा इतिहास

हा विकार अलीकडच्या धकाधकीच्या जीवनाने निर्माण केला असा एक समज आहे. तो खरा नाही. १९३४ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे आणि १९४८ मध्ये आइसलँडमधील आकुरेरी या गावी अशा आजाराच्या साथी नोंदल्या गेल्या. सर्वांत गाजलेली साथ १९५५ ची. त्या वर्षी जुलै महिन्यात लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील २९२ कर्मचारी आजारी पडले. त्यांपैकी २५५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि २५ जुलै ते ५ ऑक्टोबरपर्यंत रुग्णालयच बंद ठेवावे लागले. स्नायूंमधील वेदना, चक्कर, पराकाष्ठेची दुर्बलता आणि थोड्या श्रमाने उलटणारे दुखणे ही या साथीची लक्षणे होती. पुढील वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या आजाराला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस हे नाव सुचविले. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात त्याची गणना मज्जासंस्थेच्या आजारांमध्ये केली.

तथापि १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदींच्या आधारे, रुग्णांना प्रत्यक्ष न तपासता, रॉयल फ्री येथील साथ हा सामूहिक उन्मादाचा प्रकार असावा असे मत मांडले. आजारी पडलेल्यांमध्ये स्त्रियांची संख्या अधिक होती, हा त्यांच्या युक्तिवादातील एक मुद्दा होता. या मताचा प्रभाव दीर्घकाळ टिकला आणि रुग्णांकडे संशयाने पाहण्याची वृत्ती रुजली. १९८४ च्या सुमारास अमेरिकेतील नेवाडा राज्यात इन्क्लाइन व्हिलेज येथे पुन्हा असे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्यानंतर १९८८ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे नाव योजले. हे नाव सोपे असले तरी त्याने आजाराचे गांभीर्य झाकले गेले, अशी रुग्णांची रास्त तक्रार आहे. क्षयरोगाला 'दीर्घ खोकला' एवढेच नाव दिले असते तर जे झाले असते, तसेच काहीसे येथे घडले.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने उपलब्ध संशोधनाचा सविस्तर आढावा घेऊन हा गंभीर, दीर्घकालीन आणि शरीराच्या अनेक संस्थांना ग्रासणारा आजार असल्याचे स्पष्ट केले. अमेरिकेत ८ लाख ३६ हजार ते २५ लाख व्यक्तींना हा विकार असावा व त्यांपैकी ८४ ते ९१ टक्के रुग्णांचे निदानच झालेले नसावे, असा अंदाज त्या अहवालात नमूद आहे. प्रगत आरोग्यव्यवस्थेच्या देशात ही स्थिती असेल, तर अन्यत्र किती रुग्ण नावावाचून सोसत असतील याची कल्पना करता येईल.

कारणमीमांसा

आजाराचे एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. परंतु अनेक रुग्णांमध्ये त्याचा प्रारंभ एखाद्या संसर्गानंतर होतो, हे निश्चितपणे दिसून आले आहे. ऑस्ट्रेलियातील डबो या शहराच्या परिसरात ग्रंथिज्वर, क्यू ताप आणि रॉस रिव्हर विषाणूचा ताप झालेल्या २५३ रुग्णांची पाहणी करण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार सहा महिन्यांनंतर त्यांपैकी २८ जणांमध्ये, म्हणजे ११ टक्के रुग्णांमध्ये, हा विकार आढळला. तीनही जंतू परस्परांपासून भिन्न असूनही परिणाम सारखाच होता. रुग्णाचा पूर्वीचा स्वभाव अथवा मनोवृत्ती यांपेक्षा मूळ ताप किती तीव्र होता, यावर पुढील थकवा अवलंबून असल्याचे दिसले. यांपैकी रॉस रिव्हर विषाणू हा आपल्याकडील चिकुनगुनियाच्या विषाणूचा भाऊबंद असून तोही डासांमार्फतच पसरतो.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण नॉर्वेतील बर्गन शहराचे आहे. २००४ मध्ये तेथील पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात सांडपाणी मिसळले आणि गिआर्डिया या परोपजीवी जंतूमुळे पोटाच्या विकाराची मोठी साथ आली. प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या रुग्णांचीच संख्या बाराशेहून अधिक होती. जुलाब थांबले, साथ संपली, पण तिचे परिणाम संपले नाहीत. तीन वर्षांनंतर या रुग्णांपैकी ४६ टक्के लोकांना दीर्घकालीन थकव्याचा त्रास होता; ज्यांना संसर्ग झाला नव्हता त्यांच्यामध्ये हेच प्रमाण १२ टक्के होते. अशुद्ध पाण्याची किंमत केवळ साथीच्या दिवसांत मोजून भागत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

२०२० पासूनच्या कोविडच्या साथीनंतर या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. कोविड होऊन गेल्यावर दीर्घकाळ आजारी राहिलेल्यांपैकी काही जणांची लक्षणे दीर्घ थकवा विकाराच्या कसोट्यांना पूर्णपणे उतरतात. त्याचप्रमाणे ब्रिटनमधील डीकोड-एम.ई. या प्रकल्पात १५ हजारांहून अधिक रुग्णांच्या आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास करण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या प्राथमिक निष्कर्षांत रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्यात फरक दर्शविणारे आठ आनुवंशिक विभाग आढळले. त्यांतील काही रोगप्रतिकारशक्तीशी व काही मज्जासंस्थेशी निगडित आहेत.

हा विकार कोणत्याही वयात होऊ शकतो. नॉर्वेतील नोंदींनुसार १० ते १९ आणि ३० ते ३९ या दोन वयोगटांत तो अधिक दिसतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण जास्त आहे.

निदान कसे केले जाते

या विकारासाठी रक्ताची एखादी निर्णायक चाचणी अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे निदान रुग्णाची हकीकत काळजीपूर्वक ऐकून आणि अन्य आजारांची शक्यता दूर करून करावे लागते. २०१५ च्या उपरोक्त अहवालाने त्यासाठी पुढील कसोट्या निश्चित केल्या आहेत.

पहिली कसोटी अशी की, आजारापूर्वी रुग्ण जी कामे करीत असे ती करण्याची शक्ती लक्षणीय प्रमाणात घटलेली असावी व ही स्थिती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेली असावी. हा थकवा जन्मापासूनचा नसावा, चालू असलेल्या अतिश्रमाचा परिणाम नसावा आणि विश्रांतीने फारसा कमी होत नसावा.

दुसरी कसोटी श्रमोत्तर अस्वास्थ्याची. हेच या आजाराचे खास लक्षण होय. पूर्वी सहज होणाऱ्या शारीरिक, बौद्धिक अथवा भावनिक श्रमानंतर रुग्णाची सर्वच लक्षणे बळावतात. हा परिणाम पुष्कळदा लगेच न दिसता काही तासांनी अथवा एक-दोन दिवसांनी दिसतो, झालेल्या श्रमांच्या मानाने फार मोठा असतो आणि कित्येक दिवस, प्रसंगी कित्येक आठवडे टिकतो. सोमवारी लग्नसमारंभात हसतमुखाने वावरलेली व्यक्ती बुधवारी उठून बसू शकत नाही, याचे रहस्य येथे आहे. समारंभातील दर्शन सर्वांना घडते. बुधवारचे अंथरूण कोणी पाहत नाही.

तिसरी कसोटी म्हणजे झोपेने ताजेपणा न येणे. या तिन्हींच्या जोडीला पुढील दोहोंपैकी किमान एक लक्षण असले पाहिजे : स्मरण, एकाग्रता व विचार करण्याची गती मंदावणे, किंवा उभे राहिल्यावर चक्कर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास होऊन आडवे झाल्यावर तो कमी होणे. श्रमोत्तर अस्वास्थ्य, झोपेची तक्रार आणि बौद्धिक लक्षणे निम्म्याहून अधिक काळ आणि मध्यम वा तीव्र स्वरूपात असावीत, अशीही अट आहे.

ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेनुसार मात्र सहा महिने वाट पाहण्याचे कारण नाही. लक्षणे प्रौढांमध्ये सहा आठवडे आणि मुलांमध्ये चार आठवडे टिकल्यास विकाराची शंका घ्यावी व शक्ती राखण्याचा सल्ला तेव्हापासूनच द्यावा. तीन महिने लक्षणे कायम राहिल्यास निदान निश्चित करता येते. आरंभीच्या काळातील अतिश्रम रुग्णाला महाग पडू शकतात, हे पाहता या शिफारशीचे महत्त्व उघड आहे.

अन्य आजार वगळण्यासाठी काही साध्या तपासण्या आवश्यक असतात. रक्तपेशींची संपूर्ण गणना, ई.एस.आर., रक्तशर्करा, थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या कार्याच्या चाचण्या, कॅल्शियम, लोहाचा साठा दर्शविणारे फेरिटिन, ब-१२ जीवनसत्त्व आणि लघवीची तपासणी यांचा त्यांत समावेश होतो. यांपैकी बहुतेक तपासण्या शासकीय रुग्णालयांत होऊ शकतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, संध्याकाळी चढणारा ताप अथवा वजनात घट असल्यास क्षयरोगाची तपासणी विनाविलंब करणे अगत्याचे आहे. छातीत दुखणे, धाप लागणे, गाठी येणे, सांधे सुजणे ही लक्षणे दुसऱ्या आजाराकडे बोट दाखवितात आणि त्यांना थकव्याच्या नावाखाली दडपून ठेवणे धोक्याचे असते.

उभे राहिल्यावर होणाऱ्या त्रासाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येते. रुग्णाला प्रथम काही वेळ निजवून नाडी व रक्तदाब मोजावा. नंतर भिंतीला पाठ टेकवून दहा मिनिटे उभे करावे आणि दर मिनिटाला पुन्हा मोजमाप घ्यावे. रक्तदाब फारसा न उतरता प्रौढांमध्ये नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक वाढून तसेच राहिले, तर ती एक महत्त्वाची खूण असते. रुग्णाला भोवळ येण्याचा संभव असल्याने ही चाचणी परिचारिका अथवा डॉक्टर यांच्या उपस्थितीतच करावी.

नैराश्याचा आजार आणि हा विकार यांतही फरक करावा लागतो. नैराश्यात मनुष्याची इच्छाच मावळते. दीर्घ थकवा विकारात इच्छा असते, शक्ती नसते. 'उद्या अंगात बळ आले तर काय कराल?' असे विचारले असता या विकाराचा रुग्ण बहुधा राहून गेलेल्या कामांची यादीच पुढे ठेवतो. अर्थात दीर्घ आजारपणाने रुग्णाला नैराश्यही येऊ शकते. तसे झाल्यास त्यावर स्वतंत्र उपचार करावेत. त्यामुळे मूळ आजार मानसिक ठरत नाही.

व्यवस्थापनाचे तत्त्व : अंथरूण पाहून पाय पसरणे

हा विकार समूळ बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. मुले व तरुण यांच्यात सुधारणेची शक्यता अधिक असते. प्रौढांपैकी पुष्कळांची प्रकृती सुधारते, परंतु पूर्वस्थितीला येणारे थोडे असतात. म्हणून प्रकृती अधिक ढासळू न देणे आणि उपलब्ध शक्तीत जीवन सुसह्य करणे हे व्यवस्थापनाचे उद्दिष्ट होय.

त्याचे मुख्य सूत्र अंथरूण पाहून पाय पसरावे या म्हणीत सामावले आहे. इंग्रजीत त्यास पेसिंग म्हणतात. रुग्णाजवळ दररोज शक्तीचा एक मर्यादित साठा असतो. तो साठा संपण्यापूर्वी थांबावयाचे, हा नियम. थकल्यावर थांबणे म्हणजे उशिरा थांबणे होय. बरे वाटलेल्या दिवशी साचलेली सारी कामे उरकावयाची आणि पुढील आठवडा अंथरुणात काढावयाचा, हे चक्र बहुतेक रुग्णांच्या वाट्याला येते. ते मोडणे हीच खरी उपचाराची सुरुवात आहे.

यासाठी दोन-तीन आठवडे साधी दैनंदिनी लिहावी. काय केले, किती वेळ केले, त्या दिवशी आणि पुढील दोन दिवशी प्रकृती कशी राहिली, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. त्यांवरून स्वतःची मर्यादा कळून येते. अक्षरओळख नसलेल्या रुग्णासाठी घरातील शाळकरी मूल हे काम करू शकेल. वाचन, हिशेब, दूरध्वनीवरील संभाषण आणि घरातील वादविवाद यांनीही शक्ती खर्च होते, हे नोंदी करताना विसरू नये.

मर्यादा कळल्यावर कामांची फेररचना करावी. उदाहरणार्थ, घरातील गृहिणी आजारी असेल तर भाजी निवडणे, कणीक मळणे ही कामे बसून करावीत. सकाळी स्वयंपाक केल्यास धुणे दुसऱ्या व्यक्तीने अथवा दुसऱ्या दिवशी करावे. प्रत्येक कामाचे वीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडून मध्ये आडवे होऊन, डोळे मिटून विश्रांती घ्यावी. रोजच्या वापराची भांडी हाताशी ठेवावीत. अंघोळीसाठी स्टूल असावे. विहिरीचे अथवा नळाचे पाणी भरणे, दळण आणणे ही कामे घरातील अन्य व्यक्तींनी उचलावीत. हे नियोजन एकट्या रुग्णाला शक्य नसते. कुटुंबातील कामांची वाटणी बदलल्याशिवाय शक्ती राखण्याचा सल्ला कागदावरच राहतो, हे आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्त्या यांनी घरभेटीच्या वेळी सासू, पती व मुले यांना समजावून सांगितले पाहिजे.

लक्षणांवर उपचार करून बराचसा दिलासा देता येतो. झोपण्या-उठण्याची वेळ नियमित ठेवणे, वेदनांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घेणे, उभे राहिल्याने त्रास होत असेल तर पाण्याचे प्रमाण वाढविणे आणि, रक्तदाब व मूत्रपिंड निर्दोष असल्यास, डॉक्टरांच्या संमतीने मिठाचे प्रमाण थोडे वाढविणे हे उपाय वापरले जातात. या रुग्णांना औषधे लवकर बाधतात असा अनुभव असल्याने कोणतेही औषध अल्प मात्रेने सुरू करावे. अतितीव्र विकारात रुग्णाला प्रकाश, आवाज आणि स्पर्शही सहन होत नाही. अशा रुग्णाला अंधारी, शांत खोली आणि घरी येऊन होणारी तपासणी यांची गरज असते.

व्यायामाच्या सल्ल्याबद्दल सावधगिरी

'हळूहळू व्यायाम वाढवा, म्हणजे ताकद येईल' हा सल्ला सर्वत्र दिला जातो. अनेक आजारांत तो योग्यही आहे. या विकारात मात्र त्याने अपाय होऊ शकतो. २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील ६४१ रुग्णांवरील पेस नावाच्या अभ्यासात क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम लाभदायक असल्याचे म्हटले होते व काही वर्षे जगभर त्यानुसार उपचार झाले. परंतु अभ्यास सुरू झाल्यानंतर सुधारणेच्या कसोट्या शिथिल करण्यात आल्या होत्या, असा आक्षेप रुग्णांनी आणि शास्त्रज्ञांनी घेतला. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशाने मूळ माहिती खुली झाली. मूळच्या कसोट्या लावून ती पुन्हा तपासली असता लाभ पुष्कळच कमी ठरला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१७ मध्ये ही शिफारस काढून टाकली आणि नाइसच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक प्रमाणात वाढवीत नेण्याचा व्यायाम या रुग्णांना देऊ नये असे स्पष्ट सांगण्यात आले. मानसोपचार हा आजार बरा करण्यासाठी नसून आजारासह जगताना आधार म्हणून देता येतो, असेही तीत नमूद आहे.

याचा अर्थ रुग्णाने हालचालच करू नये असा नाही. आपल्या मर्यादेच्या आत, त्रास न वाढविणारी हालचाल अवश्य करावी. शाळेतील कवायत, कार्यालयातील श्रमदान अथवा योगवर्ग यांची सक्ती मात्र अशा व्यक्तीवर करू नये.

ग्रामीण भागात थकवा आला की सलाईन लावून घेण्याची प्रथा सर्वत्र आढळते. रंगीत औषध मिसळलेली सलाईनची बाटली, ताकदीची सुई आणि महागडे टॉनिक यांनी हा विकार बरा होत नाही. काही वेळा तात्पुरता उत्साह आणण्यासाठी स्टेरॉइडे दिली जातात. त्यांचे दुष्परिणाम गंभीर असतात. ब-१२ अथवा लोह यांची कमतरता चाचणीत आढळली तर ती औषधे जरूर घ्यावीत. कमतरता नसताना कर्ज काढून उपचारांमागे धावणे हे आजाराला आर्थिक संकटाची जोड देणे होय. अंगात आले, बाहेरची बाधा झाली असे सांगून गंडेदोरे करणाऱ्यांपासूनही रुग्णाच्या कुटुंबाने दूर राहावे.

शाळा, कार्यालय आणि गाव

तापातून उठलेला, पूर्वी खेळात व अभ्यासात पुढे असलेला विद्यार्थी एकाएकी मागे पडू लागला, एक दिवस शाळेत आला की दोन दिवस घरी राहू लागला, फळ्यावरचे वाचूनही त्याचा अर्थ लागेना असे दिसल्यास शिक्षकाने शिक्षेऐवजी चौकशीचा मार्ग धरावा. पालकांना भेटून मुलाची वैद्यकीय तपासणी करवावी. निदान झाल्यास अर्धा दिवस शाळा, कमी गृहपाठ, तळमजल्यावरील वर्ग, मधल्या सुट्टीत आडवे होण्याची सोय आणि परीक्षेत विश्रांतीसह जादा वेळ अशा सवलती देता येतील. हजेरीपटावर नाव टिकविणे आणि मित्रांशी संबंध तुटू न देणे ही शिक्षकाने केलेली मोठीच मदत ठरते.

कार्यालयप्रमुखाची जबाबदारी काहीशी अवघड असते, कारण रजेचा गैरवापर रोखणे हेही त्याचे कर्तव्य आहे. परंतु चांगला सेवाभिलेख असलेला कर्मचारी एका आजारानंतर वारंवार रजा मागू लागला, तर त्याच्या हेतूविषयी निष्कर्ष काढण्यापूर्वी वैद्यकीय अभिप्राय मागविणे इष्ट ठरेल. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अर्जित, अर्धवेतनी आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या परिवर्तित रजेची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या २१ प्रकारांच्या सूचीत या विकाराचे नाव नाही. त्यामुळे प्रमुखाच्या समंजसपणाला येथे विशेष मोल आहे. फिरतीऐवजी बैठे काम, पायऱ्या टाळता येतील अशी जागा, दुपारी थोडी विश्रांती एवढ्या बदलांनी सौम्य विकार असलेला कर्मचारी सेवेत टिकू शकतो. सक्तीने पूर्ण वेळ राबविल्यास तोच कर्मचारी काही महिन्यांत कायमचा घरी बसण्याचा धोका असतो. त्यात त्याचे आणि कार्यालयाचे, दोघांचेही नुकसान आहे.

ग्रामपंचायतीचे कार्य प्रतिबंधाचे आहे. गटारालगतच्या फुटक्या जलवाहिन्यांची दुरुस्ती, पाण्याची नियमित तपासणी आणि टी.सी.एल. पावडरचा योग्य वापर यांची उपयुक्तता सर्वांना ठाऊक आहे. तथापि गिआर्डियाच्या कोषांवर नेहमीच्या प्रमाणातील क्लोरिनचा परिणाम अपुरा पडतो. म्हणून सांडपाणी मुळातच पाण्यात मिसळू न देणे आणि साथीच्या काळात पाणी उकळून पिणे महत्त्वाचे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून डासांची उत्पत्ती रोखल्यास डेंग्यू व चिकुनगुनिया यांबरोबरच त्यांच्या मागून येणारे दीर्घ आजारपणही टळू शकते. साथ ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांनी आशा कार्यकर्तीने त्या रुग्णांच्या घरी पुन्हा एकदा जाऊन 'पूर्वीसारखे काम होते का?' एवढे विचारले, तरी अनेक रुग्ण वेळीच डॉक्टरांपर्यंत पोहोचतील.

दरवर्षी १२ मे हा दिवस या विकाराविषयी जागृती करण्यासाठी पाळला जातो. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिवस. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यानंतर त्या स्वतः अनेक वर्षे आजारी होत्या आणि आपले बरेचसे कार्य त्यांनी घरात, अंथरुणाजवळ बसून पार पाडले. आजारी माणसाची उपयुक्तता संपत नाही, त्याच्या शक्तीच्या मापाने काम मिळाले तर तो बरेच काही करू शकतो, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

दीर्घ थकवा विकाराच्या रुग्णाला पहिली गरज असते ती त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला जाण्याची. त्यासाठी निधीची तरतूद लागत नाही, शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. वर्गातील शिक्षक, कार्यालयातील अधिकारी आणि गावातील पंच यांनी 'हा आळशी आहे' असा शेरा मारण्यापूर्वी 'हा केव्हापासून असा झाला?' एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली, तर निदानाचे अर्धे काम तेथेच पार पडेल.